बकूळ, दीर्घ की ऱ्हस्व

आमच्या घरात कोरा कागद कधी नसायचाच. मी ज्या कागदांवर पाढे लिहिले, त्यांच्या मागच्या बाजूला ‘नागरिकहो, झोपलात काय?’ असं ठळक टायपात छापलेलं असे. बाबा आधी अलिबागच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापखाना बंद पडल्यावर त्यांनी नागावजवळ आमच्या गावात झेरॉक्सचं दुकान टाकलं. दुकान लोकांच्या सातबाऱ्यांवर आणि आधार कार्डांवर चालायचं. त्यातून उरलेला कागद, शाई आणि बाबांचा जीव पत्रकांत जायचा. खाडीत सोडलेल्या रंगीत पाण्याविरुद्ध पत्रक निघे, रेतीउपशाविरुद्ध निघे. एकदा तर पंचायतीच्या नळाला गढूळ पाणी येतं म्हणून निघालं होतं. त्यासोबत बाटलीत त्या पाण्याचा नमुनाही वाटला होता.

ती पत्रकं तपासायचं काम माझ्याकडे असे. बाबा म्हणायचे, “मुद्दा चुकला तर लोक भांडतात. वेलांटी चुकली तर हसतात. भांडलेलं चालेल.” त्यामुळे मला कवितांआधी नियम पाठ झाले. मला या सगळ्याची लाज कधी वाटली नाही. आजही मी काही लिहायला बसते तेव्हा कागदाच्या मागच्या बाजूला कुणीतरी मला ‘झोपलीस काय?’ असं विचारत असतं, आणि ते बरंच आहे.

मी सांगते आहे ते या बाबांबद्दल आणि त्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल, म्हणजे माझ्या आत्याबद्दल.

आत्याची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. नारळ, सुपारी, थोडी केळी आणि कुंपणाच्या कडेनं माझ्या आजोबांनी, अण्णांनी, लावलेली बकुळीची रांग. फुलांच्या दिवसांत आत्या झाडांखाली जुनी लुगडी अंथरून ठेवते. सकाळी लुगड्याचे चार कोपरे धरून उचलायचे, की फुलं मधोमध गोळा होतात. थोडी ओवून देवळाबाहेर वळेसर करून विकायची, बाकीची सुपात पसरून ओटीवर सुकवायची. सुकलेल्या बकुळीचा वास जात नाही यावर लोकांनी भरपूर उसासे टाकले आहेत. आत्याला त्याचं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, “वास जात न्हाय, पन गिऱ्हाईकबी येत न्हाय.”

आजूबाजूच्या वाड्या एकेक करून होमस्टे झाल्या होत्या. नारळाच्या सावलीत निळे हौद आणि हौदात शनिवार-रविवारचे पाहुणे. आत्याचा मुलगा पनवेलला ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं: बकुळीची रांग काढायची, तिथे हौद बांधायचा. पावसाळा संपला की तो जेसीबी घेऊन येणार होता. तो वाईट मुलगा नाही, हे मी आत्ताच सांगते. त्याच्या गाड्यांचे हप्ते त्याला झोपू देत नव्हते. “झाडं काय देतात, आई?” तो विचारायचा. भावाला, मला, शेजारणीला आत्या एकच वाक्य सांगायची: “त्याला उत्तर द्यायला पायजे.”

उत्तर चालत आलं. शेजारच्या होमस्टेत उतरलेली एक इंजिनिअर मुलगी वासाचा माग काढत सरळ आत्याच्या ओटीवर आली आणि सुपात नाक घालून बसली. तिनं आणि तिच्या दोन मित्रांनी पालीजवळच्या एका शेडमध्ये छोटं यंत्र बसवलं होतं. त्यात ते मिरी आणि हळदीचा अर्क काढायचे. आता त्यांना फूल हवं होतं, तेही कोरडं, कारण ओल्या फुलातलं पाणी त्या यंत्राला नको असतं. वाळवलं की बहुतेक फुलांचा वास मरतो. इथे सूपभर वाळलेली फुलं होती, आणि वास होता.

“तू यात घालनार काय पन? तेल? स्पिरिट?” आत्यानं विचारलं.

“काहीच नाही मावशी. कार्बन डायऑक्साइड. आपण श्वास सोडतो ना, तोच गॅस. त्याला प्रेशर द्यायचं, इतकं की तो ना गॅस राहतो ना लिक्विड. मधलंच काहीतरी बनतो.”

“तृतीयपंथी,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “हसतेस काय? त्यांच्या दुव्याशिवाय बारसं होत न्हाय आपल्याकडं.”

मी त्या मुलीला खोदून खोदून विचारलं. सवयच तशी आहे. तेव्हा कळलं की त्या मधल्या अवस्थेला उष्णता फार लागत नाही. एकतीस अंशांच्या जरा वर, म्हणजे आमच्याकडे चैत्रात ओटीवर नुसतं बसलं तरी लागते तेवढी. दाब मात्र भयंकर लागतो, समुद्रात कित्येकशे मीटर खाली असतो तसा. त्या दाबाखाली हा वायू फुलाच्या चुऱ्यात हवेसारखा शिरतो, पण आतला सुगंध पातळ पदार्थासारखा विरघळवून घेतो. मग पुढच्या भांड्यात दाब कमी केला, की तो पुन्हा साधा वायू होतो आणि अर्क खाली टाकून निघून जातो. त्याला परत पकडून पुन्हा वापरता येतं. वाफेनं फूल शिजतं, इथे शिजत नाही.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे येताना पान्यासारका भिजवतो, आनि जाताना वाऱ्यासारका जातो. मागं भांडी ठेवत न्हाय. पावना असावा तर असा.”

आम्ही तिघी आत्याची फुलं घेऊन पालीला गेलो. यंत्र म्हणजे जाड पोलादाची दोन उभी नळकांडी, एक पंप आणि दाब दाखवणारे पुष्कळ काटे. काटे चढत गेले तसा आत्याचा हात माझ्या दंडावर घट्ट होत गेला. शेवटी खालच्या भांड्यातून पिवळसर, लोण्यासारखा गोळा निघाला, तोही बोटभर. एवढ्या फुलांचं एवढंच. आत्यानं तो नाकाशी नेला. हुंगला, बोटावर घेऊन चोळला, पुन्हा हुंगला.

“कसा आहे?” त्या मुलीनं धीर न धरवून विचारलं.

“बकूळच हाय,” आत्या म्हणाली. “पन ह्याला मातीचा वास न्हाय. मी उचलते तवा मातीसकट येतो.” मग भांडं परत देत म्हणाली, “बरं हाय. माती माज्याकडंच राहू दे.”

त्याच दिवशी भागीदारी ठरली. यंत्र आत्याच्या वाडीत हलवायचं. अत्तरवाल्या एका व्यापाऱ्यानं नमुना हुंगून आणखी मागितला होता. आसपासच्या बायकाही आपापल्या दारची बकूळ आणून देणार होत्या. यंत्रासाठी जागा ठरली ती वाडीतली जुनी खोबऱ्याची कोठी. ती जमिनीत थोडी खाली उतरलेली होती, जाड भिंतींची, भर उन्हातही गार. आता उरला होता फक्त पंचायतीचा ना-हरकत दाखला, आणि तो ग्रामसभेत मिळणार होता.

गावात बातमी मात्र वेगळ्याच शब्दांत पोहोचली: ‘वाडीत गॅसचा प्लँट येतोय.’

आमच्या जिल्ह्यात या वाक्याचा अर्थ काय होतो ते बाहेरच्यांना सांगावं लागेल. रोहा, महाड, पाताळगंगा. आमच्या प्रत्येक घरातलं कुणीतरी कुठल्यातरी केमिकल कंपनीत कामाला आहे, आणि प्रत्येक घरानं कुठल्यातरी रात्री खिडक्या लावून घेतल्या आहेत. पगार आणि वास दोन्ही एकाच दिशेनं येतात. म्हणून ‘गॅस’, ‘टाकी’ आणि ‘दाब’ हे तीन शब्द ऐकताच बाबा चहा अर्धा सोडून लिहायला बसले, याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

मजकूर नेहमीप्रमाणे तपासायला माझ्याकडे आला. मथळा होता: ‘बकुळीच्या वाडीत विषारी वायू!’

“बाबा, ही तुमच्या बहिणीची वाडी आहे.”

“तत्त्वाला बहीण नसते.”

“तत्त्वाला विज्ञान तरी असतं ना? हा वायू विषारी नाही. मी बघून आले.”

“निरुपद्रवी, असंच म्हणाले ना ते? खाडीकाठच्या कंपनीनं काय म्हटलं होतं? शब्द तोच आहे, मी जपून ठेवलाय.”

“ती कंपनी होती. ही आत्या आहे.”

“उद्या ती कुणाला विकेल, परवा तो मोठी टाकी आणेल. पहिल्या टाकीलाच विचारायचं असतं. तुला एवढंही शिकवलं नाही का मी?”

शिकवलं होतं. तिथेच तर माझी पंचाईत होती. मी लाल पेनानं ‘विषारी’वर काट मारली आणि समासात लिहिलं: पुरावा? बाबांनी माझी काट वाचली, चष्मा पुसला आणि पत्रक होतं तसं छापलं. माझ्या आयुष्यात त्यांनी माझी दुरुस्ती पहिल्यांदाच नाकारली होती. मी दुकानात जाणं बंद केलं. त्यांनीही मजकूर तपासायला पाठवणं बंद केलं. आई दोघांना वेगवेगळं वाढायची आणि पातेल्याशी बोलायची.

आत्याला पत्रक मिळालं ते बोंबलांना गुंडाळून. कोळीण दारावर आली, हिनं पुडा सोडला, तर भावाचा मथळा. तिनं मला फोन केला. मला वाटलं रडेल. “त्याला सांग,” ती म्हणाली, “बोंबील ताजं हुतं, पत्रक शिळं हुतं. आनि सांग, गनपतीला माज्या दारात येऊ नको.” फोन ठेवता ठेवता तिचा आवाज मात्र बदलला. “पोराला काय उत्तर देऊ गो आता?”

ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. एरवी पंधरा-वीस माणसं येतात, त्या दिवशी चपला ठेवायला जागा नव्हती. बाबा एका खांबाशी, आत्या दुसऱ्या खांबाशी. इंजिनिअर मुलगी तयारीनं आली होती. तिनं पिशवीतून गोटी सोड्याची बाटली काढली आणि अंगठ्यानं गोटी दाबली. फस्स.

“हाच गॅस,” ती म्हणाली. “बस. एवढंच आहे. तुम्ही रोज पिता.”

मंडप हसला. समुद्राकाठी सोड्याची गाडी लावणारा तर उभाच राहिला. “काका, आमच्या गाडीवरबी एक पत्रक काढा की! धंदा तरी वाढंल!” आणखी हशा. आत्याही पदर तोंडाला लावून हसत होती. तिचा हक्क होता. मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मला हवं होतं तेच सिद्ध झालं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

बाबा उभे राहिले. मला वाटलं आता ‘नागरिकहो’ येणार. पण ते सभेशी बोललेच नाहीत.

“ताई,” ते म्हणाले, “विहीर आठवते?”

आत्याचं हसू थांबलं.

“वाडीतली जुनी विहीर साफ करायची होती. अण्णा उतरणार होते. आधी दोरीनं कंदील सोडला. कोण सोडत होतं?”

“मीच,” आत्या म्हणाली.

“काय झालं?”

“इझला.” मंडपात तिचा आवाज लहान झाला. “अर्ध्यात इझला. अन्नांनी परत लावला, परत इझला. मग जांभळीची फांदी बांधली दोरीला आनि खालीवर घुसळली, पानी वतलं वरून. कंदील तगंपत्तूर त्यांनी पाय घातला न्हाय आत.”

बाबा त्या मुलीकडे वळले. “विहिरीच्या तळाशी साठतो तो वायू कोणता, बाई? मी खिळे जुळवणारा माणूस. तुम्ही सांगा.”

ती खरं बोलली याचं श्रेय मी तिला आयुष्यभर देईन. सोड्याची बाटली बाजूला ठेवून ती म्हणाली, “बऱ्याच वेळा हाच असतो. हवेपेक्षा जड आहे, म्हणून खाली साठतो. विषारी नाही म्हणजे… थोडा असला तर काही नाही. बंद जागेत खूप झाला तर माणूस गुदमरतो. आम्ही अलार्म लावणार आहोत.”

“आणि यंत्र ठेवणार कुठे?”

तिनं आत्याकडे बघितलं. कोठी तिनं गार म्हणून पसंत केली होती. पायऱ्या तिनं उतरताना पाहिल्या होत्या, पण त्या नजरेनं नाही. आत्यानंच उत्तर दिलं.

“खोबऱ्याच्या कोठीत,” ती म्हणाली. “पायऱ्या उतरून.”

मग कुणी हसलं नाही. सोडावालाही खाली बसला.

मी तेव्हा उठले आणि जे वाटत होतं ते बोलून टाकलं, कारण या दोघा भावंडांनी मला तसंच वाढवलं आहे. म्हणाले, बाबांचा शब्द चुकीचा आहे, त्यांची भीती बरोबर आहे. या इंजिनिअर ताईंचा शब्द बरोबर आहे, पण त्यांची बाटली अपुरी आहे. दाखला नाकारू नका, पण कोठीत देऊही नका.

“मग कुठं?” सरपंचांनी विचारलं.

आत्यानं पदर खोचला. “पडवीत. पडवी जोत्यावर हाय, वारा हाय. मी आत निजेन.” त्या पडवीत ती उन्हाळाभर झोपते. समुद्राचा वारा फक्त तिथेच येतो. ती भावाकडे न बघता म्हणाली, “आता त्याला इचारा, पत्रक मागं घेतो का.”

“मागे घेणार नाही,” बाबा म्हणाले. “दुरुस्त करीन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आम्ही तिघं बसलो, बाबा, इंजिनिअर मुलगी आणि मी. ती सांगायची, बाबा लिहायचे, मी खोडायची. बाबांना सूचना लिहिताच येत नाहीत, त्यांच्या मागण्याच होतात. ‘आमची मागणी आहे की पडवीच्या भिंतीत जमिनीलगत झरोके ठेवलेच पाहिजेत! आमची मागणी आहे की अलार्म डोक्याच्या नव्हे, गुडघ्याच्या उंचीवर बसवावा! सिलिंडर बाहेर, उभे, साखळीनं बांधलेले! एकट्यानं आत काम करणार नाही, नाही, नाही!’ ती मुलगी हसून बेजार झाली. पण म्हणाली, आमच्या मॅन्युअलमध्ये हेच आहे, फक्त कुणी वाचत नाही. दाखला मिळाला.

आमचं एक भांडण अजून शिल्लक होतं. ते बाटलीच्या लेबलावरून झालं. मुलीच्या मित्रांना त्यावर ‘केमिकल-फ्री’ हवं होतं, आणि आत्यालाही ते आवडलं होतं. मी नाही म्हणाले.

“कार्बन डायऑक्साइड केमिकल नाही? पाणी नाही? बकुळीचा वास तरी दुसरं काय आहे?”

“सगळी लिवतात गो.”

“सगळे खोटं लिहितात.”

“बापाचीच हायस,” आत्या म्हणाली. “इष काढलंस, आता केमिकल काढ. बाटलीवर ठेवू काय? माजं थोबाड?” शेवटी ठरलं, लेबलावर तीनच शब्द ठेवायचे: ‘फक्त वाडीतली बकुळ’.

हंगामभर यंत्रानं फुलं पोटभर खाल्ली. पावसाळा संपला आणि आत्याचा मुलगा आला. जेसीबी सोबत नव्हता, पण मोजणीची टेप होती. आम्ही सगळे तिथेच होतो. बाबाही होते. गणपतीला आत्यानं त्यांना स्वतःच बोलावून घेतलं होतं. वर “मोदक ताजं हायत, तुज्यासारकं शिळं न्हाय” असं ऐकवलंही होतं.

पडवीच्या दारावर बाबांचं पत्रक लॅमिनेट करून लावलेलं होतं. मुलगा चपला काढून त्याच्यासमोर उभा राहिला आणि वाचायला लागला. वाचतच राहिला. ‘नाही, नाही, नाही’पाशी त्याच्या ओठांचा कोपरा हलला. मग झरोके कुठे आहेत ते त्यानं वाकून बघितलं. गुडघ्याशी लावलेला अलार्म बघितला. आत जाऊन अर्काची बाटली उघडली, हुंगली आणि व्यापाऱ्याबद्दल आईला चार प्रश्न विचारले. तिनं चारही उत्तरं दिली, न अडखळता.

“बघ रे,” आत्या बाबांना म्हणाली, “तुजं पत्रक शेवटपत्तूर वाचनारा पयला मानूस. तोबी घरातलाच निघाला.”

मुलगा बाटली उलटसुलट करत होता. टेप त्याच्या खिशातच होती. “मामा,” तो म्हणाला, “हे लेबल फारच साधं आहे. पुढच्या हंगामाची मी पनवेलला छापून घेतो, आमच्याकडे चांगला प्रिंटर आहे. फक्त एक सांगा. इथं ‘बकुळ’ ऱ्हस्व छापलंय. बरोबर आहे का?”

पुढचा हंगाम. आत्यानं माझा दंड धरला, पालीला काटे चढताना धरला होता तसाच.

बाबांनी बाटली हातात घेतली, चष्मा पुसला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत गेले. लेबल मी तपासलं होतं.

“बकूळ दीर्घ,” ते भाच्याला म्हणाले. “बकुळीची म्हटलं, की ऱ्हस्व. लिहून घे.”